आधी गोळी, मग पोळी: थायरॉइड असताना लो-कार्ब कसं सुरू करावं

पुण्यात हल्ली दोन वाक्यं एकाच दमात ऐकू येतात: "मला थायरॉइड निघालाय" आणि "मी भात सोडलाय". टीएसएच (थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक) वाढलेला रिपोर्ट हातात पडतो, डॉक्टर गोळी लिहून देतात, आणि त्याच आठवड्यात ऑफिसमधलं कुणीतरी किटोचा, म्हणजे कार्ब (पोळी-भात-साखरेतली कर्बोदकं) जवळजवळ बंद करण्याचा तक्ता पाठवतं. मग दोन्ही सोमवारपासून. दोन महिन्यांनी वजन उतरलेलं असतं, केस गळत असतात, टीएसएच भलत्याच आकड्यावर असतो, आणि यातलं काय कशामुळे झालं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी गोळी रुळू द्या, रिपोर्ट स्थिर होऊ द्या, मग ताटाला हात लावा. दोन-तीन महिने उशीर होईल, पण नंतरचा गोंधळ वाचेल.

हा लेख थायरॉइड कमी काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे हायपोथायरॉइडवाल्यांसाठी आहे. थायरॉइड जास्त काम करत असेल, कार्बिमॅझोलसारखी गोळी चालू असेल, तर वजन बहुधा आधीच उतरत असतं. तिथे कार्ब कापण्याचा उद्योग करू नका. गरोदर आहात, बाळाला पाजताय, टाइप १ मधुमेह आहे, किडनीचा त्रास आहे किंवा पूर्वी खाणं बंद करण्यापर्यंत मजल गेली होती, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका.

रिपोर्ट नीट घ्या

सुरुवातीला लागतं ते थोडंच: टीएसएच, फ्री टी-४ (थायरॉइड ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक) आणि एकदा अँटी-टीपीओ. शेवटची तपासणी पॉझिटिव्ह आली तर कारण बहुधा हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली. ही तपासणी दर वेळी करण्यात अर्थ नाही, कारण तिच्या आकड्यावरून डोस ठरत नाही. टीएसएचची नेहमीची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ च्या आसपास, लॅबप्रमाणे थोडी इकडेतिकडे. सत्तरीपुढे थोडा जास्त टीएसएच चालवून घेतात, गरोदरपणात उलट कडक पाहतात.

यांच्या जोडीला बी-१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून ठेवा. थकवा, केस गळणं, पायांत गोळे येणं हे सगळं आपण थायरॉइडच्या खात्यावर टाकतो आणि निघते बी-१२ ची कमतरता. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गर्भवतींमध्ये ही कमतरता किती पसरलेली आहे हे केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटानेच दाखवलं, तेव्हा हा प्रश्न अगदी आपल्या अंगणातला आहे. शाकाहारी असाल, त्यात मधुमेहावरची मेटफॉर्मिन चालू असेल, तर बी-१२ पाहायलाच हवं. लिपिडचं कारण वेगळं. थायरॉइड मंद असताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आपोआप वाढतं, आणि लो-कार्बमध्ये तूप-चीज वाढलं की काहींचं आणखी वाढतं. सुरुवातीचा आकडा हाताशी नसेल तर नंतर कुणाला दोष द्यायचा?

"संपूर्ण हार्मोन पॅकेज"च्या मोहात पडू नका. रिव्हर्स टी-३, सकाळ-संध्याकाळचं कॉर्टिसॉल वगैरे तपासण्या डॉक्टरांनी कारणासह सांगितल्या तरच करा. त्या पैशांत महिनाभर पनीर येतं.

रक्त शक्यतो दर वेळी त्याच लॅबमध्ये, सकाळी साधारण त्याच वेळेला द्या. टीएसएच दिवसभर वरखाली होत असतो. रात्री-पहाटे जास्त, दुपारी कमी. त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्या, नाहीतर फ्री टी-४ थोडा फुगलेला दिसतो. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या किंवा गमी खात असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. बऱ्याच लॅबच्या तपासणी पद्धतीत बायोटिन गडबड करतं: टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त दिसतो. डॉक्टर विश्वासाने डोस कमी करतात आणि तुम्ही पुन्हा आळसटता. केस गळतात म्हणून बायोटिन, बायोटिनमुळे रिपोर्ट चुकीचा, त्यामुळे डोस कमी, डोस कमी म्हणून पुन्हा केस गळणार. हे चक्र कितीतरी जणींच्या बाबतीत फिरत असावं.

गोळीची वेळ

लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडची गोळी इवलीशी असते आणि तिचे नखरे मात्र भरपूर. रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर, काही नाही. चहाही नाही. आपल्याकडे खरी अडचण इथेच येते. सकाळी उठल्या उठल्या आधणाचा वास आल्याशिवाय ज्यांचे डोळे उघडत नाहीत त्यांना हा तास डोंगराएवढा वाटतो.

यावर पुणेकरांकडे तयार उपाय आहे. गोळी घ्या, बूट घाला आणि टेकडी गाठा. पर्वती, तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, जी जवळ असेल ती. परत येईपर्यंत तास झालेला असतो आणि चहा हक्काचा होतो. परतीच्या वाटेवरचा अमृततुल्य मात्र टाळा. तिथला चहा म्हणजे निम्मा पाकच असतो.

कॅल्शियम, लोह, अॅसिडिटीची औषधं यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर लागतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचा टीएसएच काही केल्या उतरेना. डोस ५० वरून ७५, ७५ वरून १०० झाला. एकदा त्यांची सात कप्प्यांची डबी पाहिली. प्रत्येक वाराच्या कप्प्यात थायरॉइडची गोळी, तिला टेकून कॅल्शियमची लांबोडकी, शेजारी लोहाची तांबडी आणि वर अॅसिडिटीची कॅप्सूल. "अगं, सकाळी एकदम घेतल्या की विसरायला होत नाही," काकू म्हणाल्या. विसरत नव्हत्या हे खरंच. पण कॅल्शियम आणि लोह त्या इवल्याशा गोळीला आतड्यातच धरून ठेवत होते. थायरॉइडची गोळी डबीतून काढून उशाजवळ ठेवली, लोह दुपारी गेलं, कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. अॅसिडिटीच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचारायला सांगितलं. पुढच्या तपासणीत टीएसएच खाली आला आणि डॉक्टरांनी डोस परत उतरवला.

सकाळ जमतच नसेल तर रात्री झोपताना घेता येते, मात्र शेवटचं खाणं होऊन तीन तास झालेले हवेत. सात वाजता जेवणाऱ्यांना हे छान बसतं. एक वेळ ठरवा आणि तीच धरा. बाटलीतल्या गोळ्या दमट, गरम जागी ठेवू नका. गॅसच्या ओट्यावरचं फडताळ नको आणि बाथरूमही नको. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, जो ब्रँड चालू आहे तोच ठेवा. दुकानदाराने "तेच आहे, घ्या" म्हणून दुसरा दिला तर डॉक्टरांना कळवा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा. एखाद्या दिवशी विसरलात तर आकाश कोसळत नाही, कारण हे औषध शरीरात अर्ध्यावर यायला साधारण आठवडा घेतं. त्याच कारणाने डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत रक्त तपासण्यात अर्थ नसतो.

आता ताट

टीएसएच एकदा जागेवर आला की कार्बकडे वळा. आधी काहीही न बदलता आठवडाभर फक्त लिहून काढा. आपल्याकडच्या साध्या दिवसाचा अंदाजे हिशोब असा: पोह्यांची एक बशी ४० ग्रॅम कार्ब, मध्यम पोळी १८ ते २०, ज्वारीची मोठी भाकरी ३५, वाटीभर भात ४०, साखरेचा प्रत्येक चमचा ४ ते ५. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या आणि भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री पुन्हा पोळी-भात, असा दिवस सहज २५० ते ३०० वर जातो. भाकरी "पौष्टिक" म्हणून मोजायची नसते असा एक समज आहे. ती पौष्टिक आहेच, पण कार्ब पोळीपेक्षा कमी नसतात. एक भाकरी जवळजवळ दोन पोळ्यांइतकी भरते.

१३० ग्रॅमच्या खाली गेलात की त्याला लो-कार्ब म्हणतात, २० ते ५० म्हणजे किटो. थायरॉइडवाल्या नवशिक्यांनी १०० ते १३० वर थांबावं असं माझं ठाम मत आहे. एक तर ते मराठी स्वयंपाकात बसतं. सकाळी मुगाची दोन धिरडी किंवा अंड्याची भुर्जी. दुपारी एकच पोळी, दोन वाट्या भाजी, वाटीभर उसळ, काकडीची कोशिंबीर, दही. रात्री अर्धी भाकरी, पिठलं आणि मेथी नाहीतर चाकवत. बिनसाखरेचे दोन चहा धरून हे १२० च्या आसपास येतं. वेगळं पीठ नको, बदामाचा ब्रेड नको. भाजीला मंडईत जाऊन या: दोडका, पडवळ, दुधी, कारलं, भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा, अळू, आंबटचुका. यांतल्या निम्म्या भाज्या घरात "भाजी काय, दुधी?" म्हणून नाकं मुरडली जाणाऱ्या असतात. दाण्याचं कूट, खोबरं, लसणीची फोडणी यांत हात आखडता घेऊ नका, म्हणजे नाकं सरळ होतात.

पोळ्या कमी केल्या की लोक नुसती कमी खातात, आणि फसतात ते इथेच. कमी केलेल्या पोळीच्या जागी प्रथिनं यायला हवीत. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण एक ग्रॅम धरा. साठ किलोंच्या बाईला ६० ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, दोन अंड्यांत १२, मूठभर दाण्यांत ७, वाटीभर घट्ट वरणात ७-८, वाटीभर दह्यात ५. शाकाहारी घरात हे आपोआप होत नाही, ठरवून करावं लागतं. मासे-चिकन खाणाऱ्यांचं काम सोपं.

आणि वजन मुळात जास्त नसेल तर? तरीही पोटाचा घेर मोजा. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या आत काय दडलेलं असू शकतं ते त्या एका फोटोत कळतं. अशांना पोळ्या-भात कमी करून आणि स्नायू वाढवून फायदा होऊ शकतो, उपाशी राहून होत नाही.

टी-३ उतरला म्हणून घाबरू नका

कार्ब बरेच कमी केले की शरीर टी-४ चं टी-३ मध्ये (त्याच संप्रेरकाच्या प्रत्यक्ष काम करणाऱ्या रूपात) रूपांतर थोडं आवरतं घेतं. हे १९७० च्या दशकापासून माहीत आहे. रिपोर्टमध्ये टी-३ खाली, टीएसएच जागच्या जागी असं चित्र दिसतं. ही ग्रंथी बिघडल्याची खूण नाही. इंधन बदलल्यावर आणि कमी खाल्ल्यावर शरीर जुळवून घेतं. म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवायचा नाही की टी-३ च्या गोळ्या मागवायच्या नाहीत. पण त्यासोबत हात-पाय गार पडणं, दिवसभर मरगळ, पाळी लांबणं असं काही दिसलं तर तुम्ही कार्ब किंवा एकूण खाणं फार कमी केलंय. अर्धी भाकरी परत घ्या. १०० वर थांबायला सांगण्याचं दुसरं कारण हे.

मीठ, कोबी, सोया

लो-कार्बच्या नादात बरेच जण घरात सैंधव आणतात, गुलाबी रंगाचं, महागडं. त्यात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं. रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनयुक्त साधं मीठच वापरा, सैंधव उपासापुरतं ठेवा. उलट टोकाला जाऊन समुद्री शेवाळाच्या किंवा आयोडीनच्या कॅप्सूलही घेऊ नका. हाशिमोटोत जादा आयोडीनने बिघडू शकतं.

कोबी-फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खुशाल खा. रोज कच्च्या कोबीचा रस पिणाऱ्यांनी तेवढा थांबवावा. सोया चंक्स प्रथिनांसाठी चांगले, फक्त गोळीनंतर लगेच नकोत. दुपारच्या जेवणात घ्या. गहू सगळ्यांनी सोडायची गरज नाही. पण डोस वाढत चाललाय, तरी टीएसएच उतरत नाही, आणि पोटाची तक्रार किंवा रक्त कमी आहे, तर सिलिॲकची (गव्हामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) तपासणी करावी का ते डॉक्टरांना विचारा. हाशिमोटोबरोबर तो आजार थोडा जास्त आढळतो.

पीसीओएस, साखर आणि बाकीच्या गोळ्या

पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा विकार) असेल तर कार्ब कमी करण्याचा फायदा बहुतेक वेळा दिसतो, कारण त्यात इन्सुलिनचा वाटा मोठा असतो. मात्र पाळी अनियमित असण्याला थायरॉइडही कारण असू शकतो, तेव्हा आधी टीएसएच जागेवर आणा आणि मग पाहा किती उरतंय. एक गोष्ट मोकळेपणाने बोलली जात नाही म्हणून इथे सांगते: वजन थोडं उतरलं की बीजनिर्मिती परत सुरू होऊ शकते. "मला कुठे राहतंय" म्हणून निर्धास्त असलेल्यांना दिवस जाऊ शकतात. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा आणि दिवस गेल्याचं कळताच फोन करा, कारण थायरॉइडचा डोस लगेच वाढवावा लागतो. मूल नको असेल तर काळजी घ्या.

मधुमेहाच्या गोळ्यांबाबत ढिलाई नको. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना पोळ्या निम्म्या केल्या तर साखर धाडकन खाली येऊ शकते. डोस आधी ठरवून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातलं औषध चालू असताना किटो करूच नका. साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकतं. दीक्षितांच्या पद्धतीने दिवसातून दोनदाच जेवणाऱ्या मधुमेह्यांनीही गोळ्यांचं गणित डॉक्टरांकडून करून घ्यावं. बीपीची गोळी चालू असेल तर पहिल्या पंधरवड्यात उठताना चक्कर येते का ते पाहा.

पहिले काही आठवडे

डोकं दुखणं, पोटऱ्यांत गोळे, चिडचिड. कार्ब घटले की शरीर पाणी आणि मीठ सोडतं, त्याचा हा परिणाम. बीपी, किडनी, हृदयाचा त्रास नसेल तर चवीपुरतं मीठ घातलेलं ताक दिवसातून दोनदा पुरतं. बद्धकोष्ठता थायरॉइडची जुनी सोबतीण. इसबगोल चालेल, पण रात्री, सकाळच्या गोळीपासून दूर. रात्री गोळी घेणाऱ्यांनी इसबगोल दुपारी घ्यावं.

केस गळण्याचं वेळापत्रक वेगळं असतं. भराभर वजन उतरलं की दोन-तीन महिन्यांनी गळती सुरू होते, आणि तेव्हा माणूस शॅम्पू बदलत बसतो. फेरिटिन आणि प्रथिनं तपासा, वजन उतरण्याचा वेग आठवड्याला अर्धा किलोच्या आत ठेवा.

उपास आणि पाहुणचार

चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार धरले तर हा छोटा प्रश्न नाही. ६० ग्रॅम कोरड्या साबुदाण्याची खिचडी म्हणजे ५० ग्रॅमच्या वर कार्ब, बटाटा वेगळा. भगरही तशीच. त्यापेक्षा दाण्याची आमटी, दही-काकडी, तुपावरचा दुधी किंवा लाल भोपळा, पनीर, मूठभर दाणे. गणपतीत मात्र उकडीचे दोन मोदक खा, तूप घालून, आणि त्या जेवणाचा भात सोडा. नाही म्हणायचं असेल तर कारणं देत बसू नका. पुण्यात "डॉक्टरांनी सांगितलंय" एवढं पुरतं, त्यापुढे आग्रह कुणी करत नाही. फार तर कुठले डॉक्टर, ते विचारतील.

पुन्हा रक्त, पुन्हा डॉक्टर

ताट बदलून सहा ते आठ आठवडे झाले की टीएसएच आणि फ्री टी-४ करा. लिपिड तीन महिन्यांनी. गोळीचा डोस वजनावरही अवलंबून असतो, त्यामुळे बरंच वजन उतरलं तर तोच डोस जास्त होऊ शकतो. छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, झोप उडणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी "डाएट छान चाललंय" म्हणून खूश होऊ नका, तपासणी लवकर करा. एलडीएल बरंच वाढलेलं दिसलं तर तूप-चीज-खोबरं कमी करून दाणे, तीळ, जवस, मासे यांच्याकडे वळा आणि पुन्हा तपासा.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: गोळी किती वाजता आणि चहा किती वाजता, बाकीच्या सगळ्या गोळ्या त्यांच्या वेळांसह, आयुर्वेदिक काढे आणि पावडरीसुद्धा, डाएट सुरू केल्याची तारीख, तेव्हाचं आणि आताचं वजन, पाळीच्या तारखा. ओपीडीत मिळतात जेमतेम दहा मिनिटं. त्यातली सात "तसं काही विशेष खात नाही हो" यात जातात.